रविवारच्या बैठकीआधी

अनोमाबो
बुधवार, दुपार

प्रिय कोबिना,

तुझा निरोप पोचला. रविवारी प्रार्थना आटोपली की थोरल्या मामांच्या अंगणात बैठक आहे, तू टेम्याहून येतो आहेस आणि बैठकीचा विषय मी आहे. म्हणजे माझी गिरणी. ती बंद करावी, यंत्रं विकून टाकावीत आणि मी तुझ्याकडे येऊन राहावं, असं तू मामांना सांगितलंस आणि मामांनी मला. सांगण्याआधी त्यांनी तपकिरीची चिमूट ओढली, "एकुआ, पोरगा काही वाईट बोलत नाहीये," म्हणाले आणि दोनदा शिंकले. घराण्याचा प्रमुख शिंकला म्हणून गिरणी बंद होत नसते, असं मी त्यांना म्हटलं. ते हसले. तुला हसू येणार नाही, ठाऊक आहे.

हे सगळं फोनवरही बोलता आलं असतं. पण फोनवर तू "हो मा, हो मा" म्हणत राहतोस, मागे बंदरातला कुठला तरी ट्रक भोंगा देतो, आणि "मा, नंतर करतो" म्हणून तू ठेवून देतोस. कागदाला भोंगा ऐकू येत नाही. टेम्याच्या गाडीवर जाणाऱ्या ड्रायव्हरच्या हाती हे पाकीट देते आहे, उद्या तुझ्या ऑफिसात पोचेल. शेवटपर्यंत वाच. मधलं गाळून शेवटाकडे उडी मारायची तुझी शाळेपासूनची सवय आहे, ती या वेळी चालणार नाही.

आधी हाताचं सांगते, म्हणजे तो विषय मिटेल. माझ्या अंगावरच्या कापडाचं टोक इंजिनाच्या पट्ट्यात गेलं, हात ओढला गेला, कोपराखाली खरचटलं. हाड मोडलं नाही. जखम भरली. त्या दिवसापासून मी कापड कमरेला घट्ट खोचून वर जुना एप्रन बांधते आणि पट्ट्यासमोर जाळी बसवून घेतली आहे. चूक झाली, सुधारली. पॉलिनाने मात्र रडून रडून साऱ्या टेम्याला सांगितलं की सासूबाईंचा हात जात होता. सून चांगली आहे, पण तिला कुठलीही गोष्ट लहान करून सांगता येत नाही. तुझ्या बंदरात माणसं जखमी होतात तेव्हा तुम्ही बंदराला कुलूप लावता का रे?

आता मी म्हातारी झाले, असं तू मामांना म्हणालास. झाले. पण म्हातारी झाले म्हणजे मला दळता येईनासं झालं, असं नाही. पहाटे इंजिनाचं हँडल मीच मारते. धुपकन धूर सोडून ते सुरू होतं, आणि आपल्या आळीतल्या बायका अंथरुणात कूस बदलून म्हणतात, मॅडमची गिरणी लागली, उठा. यंत्राच्या लोखंडी तबकड्या झिजल्या की पीठ भरड उतरतं, ते मला बोटांना कळायच्या आधी आवाजावरून कळतं. डिझेल आणणारा कधी पाणी मिसळून देतो, कधी देतच नाही. मिरची दळायला येणाऱ्या बायका मक्याच्या रांगेत घुसतात. सुकी मासळी घेऊन कुणी तरी "थोडीच आहे मॅडम, पिठाच्याच यंत्रात घाला ना" म्हणतं, आणि तिला मिरची-मासळीच्या यंत्राकडे हाकलावं लागतं. हा माझा दिवस. मी त्याबद्दल कुणाकडे रडगाणं गायले आहे का? तुझ्याकडे?

हे सुरू कसं झालं, ते तुला नीट आठवतं की नाही, कोण जाणे. तुझ्या वडिलांचा कारखाना बंद पडला तेव्हा मी शाळेत शिकवत होते आणि पगार महिनोन्‌महिने येत नव्हता. तुझ्या वडिलांनी कुठल्याशा मोडीत निघालेल्या गिरणीचं यंत्र लॉरीत घालून आणलं, अंगणात उतरवलं आणि मला म्हणाले, "तू सांभाळशील तर मी दुरुस्त ठेवीन." मी खडू ठेवला. त्या आठवड्यात बाजारात आमच्या शाळेतल्या एक बाई भेटल्या. चार जणींना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "काय मॅडम, खडूची पूड कमी पडली, म्हणून मिरचीची दळायला लागलात?" मी म्हटलं, "खडूची पूड आंबवून उकडली तरी तिची केंकी होत नाही, बाई. होत असती तर तुमच्या घरी रोज झाली असती." कॉलेजात शिकलेली बाई पीठ दळते, याची या गावाने पोटभर थट्टा करून घेतली. मग कंटाळून आपापली घमेली घेऊन रांगेत उभी राहिली.

तुला त्रास झाला. तोही मला माहीत आहे. भिजवलेल्या मक्याचा आंबूस वास कपड्यांना बसतो, धुऊन जात नाही. शाळेत पोरं तुला आंबटपीठ म्हणायची. तू शाळेत निघण्याआधी अंगणातल्या नळावर बसायचास आणि साबणाने हात घासायचास, मनगटं, मग कोपरापर्यंत, कातडी लाल होईपर्यंत. मी यंत्राजवळून बघायचे. त्या शाळेची फी त्याच वासातून येत होती आणि तो वास मी बंद करणार नव्हते. आजही मला तसंच वाटतं.

आणि तुझे वडील गेले तेव्हाचं आठव. मयतीचं लाल-काळं कापड अंगावरून उतरलंही नव्हतं आणि त्यांचे भाचे यंत्र न्यायला गाडी घेऊन आले. मामाची वस्तू भाच्याची, रिवाज आहे, मला नवा नव्हता. पण यंत्राच्या प्रत्येक बोल्टाला माझा हात लागलेला होता. मी यंत्रापुढे स्टूल टाकलं आणि बसले. म्हटलं, "न्या. मला उचलून बाजूला ठेवा आणि न्या." थोरला भाचा गयावया करायला लागला, "मामी, उठा ना, लोक बघतात." मी म्हटलं, "बघू देत. मामीचं वजन पेलवेल का तुला, ते त्यांनाही कळू दे." बायका दारात जमून खिदळायला लागल्या आणि गाडी आली तशी रिकामी गेली. तेव्हा तू माझ्या खांद्याशी उभा होतास, कोबिना. हाताची घडी घालून. मला त्या दिवशी यंत्र वाचल्यापेक्षा त्याचा जास्त आनंद झाला होता. तुला मी ते कधी सांगितलं नाही. आता सांगते आहे.

आता या वर्षाचं. लॉटरीच्या टपरीशेजारची मोकळी जागा तुला माहीत आहे, आपल्या बरोब्बर समोर. तिथे नवी गिरणी निघाली. विजेवरची, पांढऱ्या फरशांची, स्वतःचा नळ असलेली. चालवायला ताकोराडीकडचा बेंट्सिल म्हणून एक जाडा, भला माणूस. दारावर निळ्या अक्षरांत पाटी: "तुमचं पीठ, फक्त तुमचं." दर घमेल्यानंतर तो यंत्र उघडायचा, वासाची साबणपूड घालून पाण्याने धुवायचा, मग पुढचीचा मका घ्यायचा. म्हणजे एकीच्या पिठाचा कण दुसरीच्या पिठात जायला नको.

तुला गिरणी ठाऊक आहे, म्हणून याचा अर्थ तुला सांगायला नको. आपल्याकडे यंत्र मक्यानेच साफ होतं. आधीचीचं थोडं पीठ आत राहतं, ते पुढचीच्या घमेल्यात पडतं, तिचं राहिलेलं तिच्या पुढचीला जातं. सकाळी पहिली येते तिच्यापासून दुपारी शेवटची जाते तिच्यापर्यंत सगळ्या एकमेकींचं थोडं थोडं घेऊन घरी जातात. म्हणूनच तर भांडलेल्या बायका एकीमागे एक उभ्या राहत नाहीत. एफुआ आणि मान्सा, दोघी केंकी विकणाऱ्या, त्यांचं मयतीच्या कापडावरून वाजलं, तेव्हापासून एफुआ रांगेत पुढे असली की मान्सा उन्हात उभी राहील पण तिच्या मागे येणार नाही. "तिचं पीठ माझ्या केंकीत? त्यापेक्षा मी वाळू दळीन." मग मी माझ्याकडचा मूठभर मका दोघींच्या मध्ये घालते. ती मधली मूठ. ती कुणाचीच नाही, गिरणीची. ती पडली की दोघींचा मान राहतो आणि रांग पुढे सरकते. नव्या गिरणीत मधल्या मुठीचं काम साबणाने केलं. भांडलेल्या सगळ्या आधी तिकडे गेल्या. मग त्यांच्या मैत्रिणी. मग ज्यांचं कुणाशीच वाकडं नव्हतं त्याही, पांढऱ्या फरशा बघायला.

एफुआ, जिच्या घराची भिंत माझ्या भिंतीला लागून आहे, ती डोक्यावर घमेलं घेऊन माझ्या दारावरून मान वळवून जायची. एकदा मी हाक मारली तर म्हणाली, "मॅडम, मला तिकडे जवळ पडतं." मी म्हटलं, "हो, रस्ता ओलांडला की लगेच." माझ्याकडे दिवसाला तीन-चार घमेली यायला लागली. कुणी म्हटलं, दर कमी करा. नाही केला. कुणी म्हटलं, निदान इंजिन उशिरा लावा, डिझेल वाचेल. रोज त्याच वेळेला लावलं. दळण असो नसो, आळीला आवाज गेला पाहिजे. रिकाम्या गिरणीत बसून मी स्वतःचा मका दळला, शेजारच्या शाळेतल्या पोरांना मोफत लापशी केली, तबकड्या बदलल्या, भिंतींना चुना मारला. बंद पडणारी माणसं चुना मारत नाहीत.

त्याच दिवसांत तुझे फोन वाढले. एक दिवसाआड, संध्याकाळी. "मा, आज किती बायका आल्या?" इतक्या वर्षांत तू कधी हे विचारलं नव्हतंस. मी म्हणायचे, "पुरेशा." मग तू म्हणायचास, "मा, आता विश्रांती घे ना." मला तुझ्या आवाजात काही तरी जाणवायचं, पण मी ते दमल्याचं समजले.

मग मंगळवार आला. मंगळवारी होड्या समुद्रात जात नाहीत, सगळे पुरुष किनाऱ्यावर जाळी पसरून बसलेले असतात, आणि मान्साची केंकी सगळ्यात जास्त त्याच दिवशी खपते. होडीवाल्या टावियाने केंकीच्या गोळ्यावरचं पान सोडलं, एक घास घेतला, चावायचं थांबला, घास हातात काढून बघितला आणि सगळ्या किनाऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मान्सा, हा खाऊ की याने जाळं धुऊ?" झालं. दुसऱ्याने पान सोडून वास घेतला, "अरे, माझ्याही जाळ्याला थोडं दे." कुणी तरी फेस येतो का बघायला गोळा पाण्यात बुडवला. मान्साने त्याच्या डोक्यात रिकामी टोपली घातली, पण दुपारपर्यंत तिचं नाव साबणवाली पडलं होतं. तिकडे एफुआच्या गिऱ्हाइकांनी वेगळं काही म्हटलं नव्हतं. त्याच आठवड्यात वीज गेली ती दोन दिवस आलीच नाही, आणि समोरच्या यंत्रात आणखी कुणाचा तरी मका अर्धवट दळलेला अडकून आंबला.

गुरुवारी पहाटे मी इंजिन लावलं तर दारात दोघी. मान्सा पुढे, एफुआ मागे, दोघींच्या नजरा जमिनीवर. मी एवढंच म्हटलं, "रांगेत उभ्या राहा." दोघीच होत्या, तरी राहिल्या. मान्साचं झालं, मी सवयीने मधल्या मुठीसाठी पोत्यात हात घातला, तर मान्साच म्हणाली, "राहू द्या मॅडम, मूठ नको. आमच्या दोघींच्या नशिबी सारखाच फेस आला." एफुआला हसू फुटलं, ते तिने घमेल्याआड लपवलं. त्या दिवसापासून त्या पुन्हा बोलतात. आता माझ्याच दारात उभ्या राहून इतक्या बोलतात की मागच्या बायका ओरडतात.

सगळ्या परत आल्या नाहीत. अर्ध्या आल्या असतील. वीज असली की काही जणी अजून तिकडे जातात, आणि मी त्यांच्याकडे तोंड फिरवत नाही. दिवस भागतो. तुझ्या वडिलांच्या वेळेइतका नाही, पण भागतो.

मागच्या आठवड्यात मी रस्ता ओलांडून समोर गेले. बेंट्सिल एकटाच झाकणाने वारा घेत बसला होता. मला बघून दचकून उठला, खुर्ची पुसली, "मॅडम, बसा." मी उभीच राहिले. विचारलं, "हा साबणाचा शहाणपणा तुझा का?" "नाही हो मॅडम! माझ्या बायकोलाही पटला नव्हता. मालकांचा हुकूम आहे. दर घमेल्यानंतर यंत्र धुवायचं, आणि पुढचं घमेलं घ्यायच्या आधी माझे हात. कोपरापर्यंत. कोपरापर्यंत, असं दोनदा बजावलंय." मी विचारलं, "मालक कुठले?" "टेम्याचे," म्हणाला आणि तोंडावर हात ठेवला. "मॅडम, मला सांगायची मनाई आहे." मी म्हटलं, "मग सांगू नकोस." त्याला यंत्र उघडायला लावलं. पिठाच्या यंत्राला साबण लावायचा नाही, पहिलं घमेलं दळण्याआधी थोडा भिजलेला मका फिरवून टाकायचा, आणि मासळी जन्मात घालायची नाही, हे त्याला करून दाखवलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही माझ्या समोरच्या ना?" मी म्हटलं, "समोरचा नीट दळणारा असावा. साबणवाल्याला हरवण्यात काय मोठेपणा?"

तुझे फोन मी त्यानंतर उचलले नाहीत, ते लाइन खराब होती म्हणून नव्हे. मला राग आला होता. आईला थकवून घरी बसवण्यासाठी मुलाने तिच्या दारासमोर गिरणी काढायची, पांढऱ्या फरशा लावायच्या, आणि संध्याकाळी फोन करून विचारायचं, मा, किती बायका आल्या? माझ्यावरच्या मायेने केलंस, हेही मला कळतं. मायेने केलेलं असलं तरी मी ते चालवून घेणार नाही. आता हे पत्र का लिहिलं, ते ऐक. रविवारी मामा तुला सगळ्यांसमोर "कोबिना, बोल" म्हणतील. गिरणी बंद करा, असं म्हणालास, तर मी उठून उभी राहीन आणि समोरची गिरणी कुणाची आहे ते मामांना, मान्साला, एफुआला, कुंपणापलीकडून कान देणाऱ्या टावियाला, सगळ्यांना सांगेन. तसं म्हणाला नाहीस, तर ते माझ्या तोंडून कधीच निघणार नाही, पॉलिनासमोरसुद्धा नाही. मी बैठकीत एकदम बोलले असते तर तुझी मान चार माणसांत खाली गेली असती, आणि तशी ती मला बघायची नाही. म्हणून आधी कळवते आहे. ठरवायला तुला शनिवारपर्यंत वेळ आहे. आणखी एक. लाजेने समोरची गिरणी बंद करू नकोस. बेंट्सिलला तीन मुलं आहेत आणि गावाला दोन गिरण्या जड नाहीत. चालव, पण मालक म्हणून उघड चालव आणि माझ्याशी नीट स्पर्धा कर. मी तुझ्यासाठी दर कमी करणार नाही, तूही माझ्यासाठी वाढवू नकोस. बैठकीत जे व्हायचं ते होवो, पामफळांचं सूप आणि खेकडे करून ठेवणार आहे. पॉलिनाला आणि मुलांना घेऊन ये. जेवल्याशिवाय कुणी परतायचं नाही.

तुझीच,
आणि रविवारनंतरही समोरच असणारी,
मा